द्राक्षमार्गाचे वाचन

प्रवासवर्णनाची समीक्षा आपण करतो, प्रवासाच्या आराखड्याची मात्र सहसा करीत नाही. याद्या, तारखा, दोन गावांमधली अंतरे, पुसून पुन्हा लिहिलेल्या वेळा अशा मजकुराला वाङ्मय म्हणावे असे कोणाच्या मनात येत नाही. तरीही माणसाला प्रवासातून नेमके काय हवे आहे, हे प्रवासवर्णनापेक्षा आराखड्यात अधिक उघडपणे दिसते. वर्णन लिहिताना आपण अनुभव निवडतो आणि नीट लावतो. आराखड्यात इच्छा असतात आणि त्यांना वास्तवाने दिलेले नकार असतात. गेले पाच महिने आम्ही असा एक आराखडा लिहीत आहोत. त्याचा विषय आहे शरदातील द्राक्षकाढणीच्या दिवसांत स्वतः गाडी चालवत करायची वाइनच्या गावांची सहल.

आम्ही म्हणजे चौघे. एके काळी एकाच वर्गात साहित्य शिकलो. आज दोघे जर्मनीत कार्ल्सरूहला आहेत, एकजण नाशिकच्या महाविद्यालयात शिकवते, आणि चौथ्याने तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी सोडून निफाड तालुक्यातली वडिलोपार्जित द्राक्षबाग हाती घेतली आहे. मार्ग ठरायला वेळ लागला नाही. कार्ल्सरूहपासून जवळच, ऱ्हाइन नदीच्या पलीकडे फाल्त्स हा प्रदेश लागतो. द्राक्षलागवडीत तो जर्मनीतील दुसऱ्या क्रमांकाचा. त्याच्या टेकड्यांच्या पायथ्याने फ्रान्सच्या सीमेवरील श्वायगेनपासून उत्तरेला बोकेनहाइमपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरचा 'डॉइचे वाइनश्ट्रासे', म्हणजे जर्मन द्राक्षमार्ग जातो. तीन दिवसांत रमतगमत संपेल एवढेच हे अंतर.

मार्गाविषयीच्या पर्यटनपुस्तिका आम्ही चौघांनी वाटून वाचल्या. 'कालातीत' या अर्थाचे विशेषण त्यांत फार वेळा येते. कालातीत गावे, कालातीत परंपरा, कालातीत सुगी. साहित्याच्या विद्यार्थ्याला या शब्दाविषयी शंका घेण्याची सवय असते. जिथे काळ पुसला आहे, तिथे कोणी तरी खोडरबर चालवले आहे, हे आपण वर्गात शिकवतो. सहल आखताना तीच सवय आमच्या कामी आली. आराखड्याला दोनच गोष्टी मुळात लागतात, तारीख आणि रस्ता. या दोन्हींचा शोध घेऊ लागल्यावर दोन्हींच्या मागे इतिहास निघाला.

आधी तारखेविषयी. जर्मन भाषेत शरदाला 'हेर्ब्स्ट' म्हणतात. इंग्रजीतला 'हार्वेस्ट' आणि हा शब्द एकाच मुळाचे, आणि नैर्ऋत्य जर्मनीच्या द्राक्षप्रदेशात आजही 'हेर्ब्स्ट' म्हणजे द्राक्षकाढणी. तिथे ऋतूचे नाव आणि कामाचे नाव एक आहे. आपल्याकडे शरद हा चांदण्याचा ऋतू आणि सुगी ही धान्याची. नाशिकच्या द्राक्षवेलीला तर शरदात फळच नसते. तिथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठीची गोडी छाटणी. त्यानंतर चारेक महिन्यांनी, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान घड हाती येतात. म्हणजे ज्या पंधरवड्यांत फाल्त्समध्ये घड कापले जातात, त्याच सुमारास निफाडमध्ये काडी कापली जाते. तिथले वर्ष संपत असते तेव्हा इथले सुरू होत असते.

साहजिकच पहिला नकार निफाडहून आला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरू, असे कार्ल्सरूहने कळवले, तेव्हा मित्राच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, एवढेच विचारले, "आपली छाटणी सोडून दुसऱ्याची काढणी बघायला जायचं का रे?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. छाटणीनंतरचे काही दिवस बागाईतदाराला गावाबाहेर रात्र काढता येत नाही. डोळे फुगत असतात, काडीला पेस्ट लावायची असते, आणि पाऊस आला तर फुटीवर डावणी येण्याची धास्ती असते. छाटणीच्या टोळ्याही त्याच दिवसांत ठरलेल्या असतात. त्यांतली पुष्कळ माणसे पेठ-सुरगाण्याकडून येतात, आणि त्यांची तारीख चुकली की सगळा हंगाम पुढे ढकलला जातो.

तारखेचा हा गुंता सोडवला तो एका इतिहासाने. एमॅन्युएल ल रुआ लादुरी या फ्रेंच इतिहासकाराने हवामानाचा इतिहास लिहिताना द्राक्षकाढणीच्या जुन्या तारखांचा साधन म्हणून उपयोग केला होता. १९६७ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ या विषयातला मैलाचा दगड मानला जातो. तर्क सोपा आहे. उन्हाळा जितका उष्ण, तितकी द्राक्षे लवकर पिकतात. काढणी कधी सुरू करायची हे पूर्वी नगरसभा ठरवत, आणि त्या निर्णयांच्या नोंदी दप्तरांत राहिल्या आहेत. बर्गंडीतील बोन या गावाची १३५४ ते २०१८ अशी ६६४ वर्षांची तारखांची मालिका संशोधकांनी जुळवली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यानुसार १९८८ पासून तिथली काढणी आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस आधी होते आहे.

फाल्त्समध्येही ओघ तोच आहे. जुन्या चित्रांत काढणी ऑक्टोबरच्या धुक्यात दिसते. आता अनेक जातींची काढणी सप्टेंबरच्या पूर्वार्धातच सुरू होते आणि उशिरा पिकणारी रीझलिंग तेवढी मागे राहते. गणेशविसर्जन आणि निफाडची छाटणी यांच्या मध्ये जो मोकळा पंधरवडा उरतो, तो आता तिथल्या काढणीत बसतो. तो पंधरवडा पितृपक्षाचा. आबांच्या घरी छाटणीचा मुहूर्त पितृपक्ष उलटल्यावरच धरतात, म्हणून मुलाला सुट्टी मिळाली.

या सोयीचा आनंद आम्हांला निर्भेळपणे घेता आला नाही. तापलेल्या हवेने तिकडची काढणी अलीकडे ओढली, म्हणून आमच्या रजा जुळल्या. पण ऋतूंचा विसकटलेला क्रम नाशिकला काय करतो, हे आमच्यातल्या एकाने स्वतःच्या बागेत पाहिले आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस लांबला, आणि लवकर छाटलेल्या बागांतले कोवळे घड कुजले, गळाले. ज्या कारणाने कुणाचे वर्ष गेले, त्याच कारणाने कुणाची सहल जमते. आराखड्यात तारखेपुढे आम्ही फक्त "जमते" असे लिहिले आहे. त्यापुढचे लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती.

दुसरा प्रश्न गाडीचा. वाइनच्या गावांची सहल आणि स्वतः गाडी चालवणे या दोन गोष्टींत उघड विसंगती आहे. जर्मनीत रक्तातील मद्यार्काची मर्यादा दर हजारी ०.५ आहे, आणि गाडी डगमगली वा अपघात झाला तर ०.३ पासूनही गुन्हा होऊ शकतो. नवशिक्या चालकाला आणि एकवीस वर्षांखालच्याला मर्यादा शून्यच. त्यात शरदाची खास गंमत म्हणजे 'नवी वाइन', अजून आंबत असलेला गढूळ, गोड रस. कांद्याच्या पाय-सारख्या पदार्थाबरोबर तो पितात. त्यातला वायू सतत बाहेर पडत असल्याने बाटलीचे तोंड घट्ट बंद करता येत नाही, ती आडवी ठेवता येत नाही, म्हणून ती दूर जात नाही. तिथे जाऊनच प्यावी लागते. गोडव्याखाली मद्यार्क लपतो आणि दिवसागणिक वाढत असतो. चालकासाठी याहून फसवे पेय नसेल.

म्हणून रोज एकाने पूर्ण कोरडे राहायचे, असा नियम केला. चखून थुंकण्याची तिथे रीत आहे, त्यासाठी भांडेही ठेवलेले असते. चालकाने मात्र तेही करायचे नाही. दिवस तीन आणि चालवणारे तीन. चौथीला गाडी येत नाही, तिच्याकडे नकाशा. ज्याची पाळी त्याला त्या दिवशी टिपणे ठेवायची आहेत. रसात न्हालेल्यांनी त्याचे वर्णन करावे आणि कोरड्याने नोंद ठेवावी, ही वाटणी आम्हां समीक्षेच्या विद्यार्थ्यांना नवी नाही. ज्यांना गाडीची सक्तीच नको असेल त्यांच्यासाठी सांगतो, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी हा संपूर्ण मार्ग मोटारींना बंद असतो आणि लोक सायकलींनी व पायी तो भरून टाकतात. आमच्या तारखा त्याच्याशी जुळल्या नाहीत.

काढणीच्या दिवसांत पाहुणा हा उत्पादकाला अडचण असतो, हेही आराखड्यात धरावे लागले. आम्ही त्या चार-दोन ठिकाणी पत्रे लिहिली, तेव्हा उत्तरे सभ्य आणि तोटकी आली. सकाळी नको, संध्याकाळी पाचनंतर या, आणि कोणी भेटेलच असे नाही. निफाडच्या मित्राला या उत्तरांचा सर्वांत कमी विषाद वाटला. माल खुडायला आलेला असताना दारी कोणी चव विचारत आले, तर आपणही असेच लिहू, असे तो म्हणाला. पाटीवरची टोपली, गाणी, हसऱ्या मुली ही पुस्तिकांतली काढणी आता क्वचितच दिसेल. फाल्त्सच्या सपाट मळ्यांत बहुतेक काढणी यंत्राने होते. ते वेलीच्या रांगेवरून जाते आणि मणी झटकून घेते, पुष्कळदा रात्रीच्या गारव्यात. जिथे हाताने खुडतात, तिथले हात बहुधा पोलंड-रुमानियातून हंगामापुरते आलेले असतात. पेठ-सुरगाण्याची माणसे तिथेही आहेत, फक्त बोली वेगळी. दिवसाला दोनच ठिकाणे, वेळ घेऊनच जायचे, आणि मळ्यात काम चालू असेल तर फोटो काढायचा नाही, अशी तीन कलमे त्यावरून लिहिली गेली.

मग रस्ता. एखादा रस्ता द्राक्षांच्या गावांतून जातो, यात काय शोधायचे, असे प्रथम वाटते. गावे जुनी आहेत, मळे रोमन काळापासूनचे आहेत. पण 'द्राक्षमार्ग' ही कल्पना जुनी नाही. सीमेपलीकडच्या आल्सासचा द्राक्षमार्ग १९५३ सालचा. फाल्त्सच्या मार्गाचे उद्घाटन १९ ऑक्टोबर १९३५ रोजी झाले. ते केले योझेफ ब्युर्केल याने. तो नाझी पक्षाचा तिथला प्रमुख होता. श्वायगेनचे दगडी 'द्राक्षद्वार' पुढच्याच वर्षीचे, म्हणजे १९३६ चे. पुस्तिकेतल्या मुखपृष्ठावर तेच असते.

मार्ग काढण्याची गरज का पडली, हे वाचताना आमच्या दूरध्वनीवरच्या गप्पा प्रथमच थांबल्या. १९३४ आणि १९३५ ही दोन वर्षे उदंड पिकाची होती. तळघरे भरली आणि भाव पडले. एरवी हा माल देशभर नेणाऱ्या व्यापाऱ्यांत ज्यूंचा वाटा मोठा होता. १९३३ नंतर त्यांना बहिष्कार आणि जबरदस्तीने धंद्यातून हुसकावले गेले होते. माल नेणारा राहिला नाही, तेव्हा गिऱ्हाईकच मालापर्यंत आणायचे ठरले. त्यासाठी गावे एका सुतात ओवली, पाट्या लावल्या, कमान उभारली. 'कालातीत' सहलीचा जन्म असा झाला.

पुढचे पान आणखी जड आहे. २२ ऑक्टोबर १९४० रोजी ब्युर्केल आणि बाडेनचा नाझी प्रमुख वागनर यांच्या आदेशाने बाडेन, फाल्त्स आणि सारमधील सुमारे ६५०० ज्यूंना एकाच दिवशी गाड्यांत भरून फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या गुर्सच्या छावणीत पाठवण्यात आले. कार्ल्सरूह बाडेनमध्येच आहे. आमचे दोन मित्र ज्या स्थानकावरून रोज कामाला जातात, त्या शहरातलीही माणसे त्यांत होती. ते दिवस सुक्कोत या सणाचे होते. सुक्कोत हा ज्यूंचा सुगीचा सण, मांडव घालून साजरा होणारा. छावणीत तगलेल्यांपैकी पुष्कळांना १९४२ च्या ऑगस्टपासून आउशविट्झला नेण्यात आले.

यावर आमच्यात जो वाद झाला, तो या आराखड्याचा गाभा आहे. नाशिकची मैत्रीण म्हणाली, सहल रद्द करावी किंवा दुसरीकडे न्यावी. कार्ल्सरूहकरांचे म्हणणे असे की, जर्मनीत राहायचे तर प्रत्येक रस्ता असाच वाचावा लागतो, आणि न जाण्याने काही वाचले जात नाही. निफाडचा मित्र बराच वेळ गप्प होता. मग त्याने जे सांगितले, ते कोणत्याही पुस्तिकेत नव्हते. दरवर्षी एखादा व्यापारी माल उचलतो आणि पैसे न देता पसार होतो. शेतकऱ्याचा संताप खरा असतो, नुकसान खरे असते. पण 'बुडवणारा व्यापारी' आणि 'परका व्यापारी' हे दोन शब्द आमच्या पारावर बोलता बोलता कसे एक होतात, ते मी ऐकले आहे. कोणी पुढारी येऊन दुसरा शब्दच खरा म्हणाला, तर त्याला टाळ्या पडतील. आणि हाकलून झाल्यावर माल तळघरातच राहील.

एवढे बोलून तो म्हणाला, मला तो रस्ता बघायचा आहे. द्राक्षे पिकवणाऱ्या माणसाला याच कारणासाठी तिथे जावेसे वाटणे, हे आम्हां तिघांना पटले.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्याचे नऊ पाक सांगितले आहेत. त्यांत मृद्वीकापाक, म्हणजे द्राक्षाचा पाक, आरंभी बेचव आणि परिणामी गोड. क्रमुकपाक, म्हणजे सुपारीचा, आरंभी उत्तम आणि शेवटी बेचव. नंतरच्या परंपरेने द्राक्षापाक हा शब्द तोंडात टाकताच रस देणाऱ्या सुबोध रचनेसाठी रूढ केला. मूळ वर्गीकरणातले द्राक्ष मात्र वाट पाहायला लावणारे आहे. द्राक्षमार्गाची पुस्तिका नंतरच्या अर्थाचा द्राक्षापाक आहे. तिच्यामागची कागदपत्रे वाचत गेलो तेव्हा हाती क्रमुकपाक आला. राजशेखराचे द्राक्ष मिळेल की नाही, हे तिथे गेल्यावर कळेल. आराखड्यापुरते सांगायचे तर, रस्त्याचा आरंभ आम्ही मुद्दाम बेचव जागेपासून करणार आहोत.

ती जागा श्वायगेन. आजच्या जर्मनमध्ये हा शब्द 'गप्प राहणे' असाही वाचता येतो. तिथून तासाभराच्या आत चालत सीमेपलीकडचे विसंबूर गाठता येते. श्वायगेनच्या उत्पादकांचे काही मळे आज फ्रान्सच्या भूमीवर आहेत. वेलींच्या रांगा तशाच पुढे जातात, देश तेवढा बदलतो. याच विसंबूरजवळ ४ ऑगस्ट १८७० रोजी फ्रान्स-प्रशिया युद्धातली पहिली मोठी लढाई झाली आणि त्या युद्धाअखेर आल्सास जर्मनीकडे गेले. आल्फाँस दोदेची शेवटच्या फ्रेंच तासाची गोष्ट त्याच घटनेची. बारावीच्या केंद्रीय अभ्यासक्रमात ती इंग्रजीतून शिकवली जाते, आणि आमच्यातली एकजण अनेक वर्षे मातृभाषेच्या प्रेमाची कथा म्हणून ती शिकवते आहे. पण त्या गावांतल्या पुष्कळ मुलांची घरची बोली जर्मन कुळातली आल्साशियन होती. गोष्ट याविषयी बोलत नाही. शाळेचा तो फळा आणि सीमेवरची ती कमान, दोन्ही आपापल्या बाजूने संपादित आहेत. पहिला दिवस आम्ही त्या दोहोंमध्ये चालण्यासाठी राखला आहे. गाडी श्वायगेनलाच उभी राहील, त्यामुळे त्या दुपारी चालकालाही थोडा वेळ नकाशातून सुटका.

उरलेला आराखडा साधा आहे. दुसऱ्या दिवशी ऱ्होट गाव, तिथला सुमारे चारशे वर्षांचा ट्रामिनर द्राक्षांचा मळा, आणि नॉयश्टाट. नॉयश्टाटच्या वरच्या हांबाख किल्ल्यावर १८३२ साली हजारो लोक स्वातंत्र्याची मागणी करत चढले होते. त्याच शहरात १९३३ मध्ये राजकीय विरोधकांसाठी छळछावणी होती, आज तिथे स्मृतिस्थळ आहे. एकाच दुपारी किल्ला आणि स्मृतिस्थळ दोन्ही, वाइन संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी डाइडेसहाइम, वाखेनहाइम, बाड ड्युर्कहाइम आणि बोकेनहाइम. बाड ड्युर्कहाइमला १७ लाख लिटर मावेल एवढे लाकडी पिंप आहे. १९३४ साली बांधलेल्या त्या पिंपात वाइन कधीच भरली नाही, आत उपाहारगृह आहे. त्याच्यापुढे आमच्या मैत्रिणीने "अलंकार" एवढाच शेरा मारला आहे.

वाखेनहाइमला जुनी ज्यू दफनभूमी आहे. तिच्यामुळे सगळा क्रम एकदा बदलावा लागला. शनिवारी ज्यू दफनभूमीत जाऊ नये असा संकेत आहे, आणि रविवारी पुष्कळ उत्पादकांची दारे बंद असतात. म्हणून सहल शनिवारी सुरू न करता गुरुवारी सुरू होईल आणि वाखेनहाइम शेवटच्या सकाळी येणार होते, ते शुक्रवारी दुपारी, नॉयश्टाटनंतर लगेच येईल. किल्ल्याचा वेळ त्यासाठी एका तासाने कमी केला. ज्यू परंपरेत कबरीवर फुले न वाहता लहानसा खडा ठेवतात. आबांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, पंधरवडा पितरांचाच आहे, ठेवा.

चखायच्या वाइनची यादी अजून अपुरी आहे. ती शेवटी करू.